बाग सगळ्यांची, पाणी दोनदा: सामायिक भाजीबागेत या चुका टाळा

पुण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आठ घरांची मिळून भाजीबाग आहे. माघ सरत आला की भेंडी, गवार, काकडी, दुधी, दोडका लावायचा आणि चैत्रापासून तोडायला घ्यायचा, असा बेत असतो. थंडी गेलेली असते, कडक ऊन अजून यायचं असतं. वेलवर्गीय भाज्यांना हे दिवस फार मानवतात. तरीही पहिल्या वर्षी आमचं निम्मं पीक गेलं. सगळे जीव लावून काम करत होते, पण कोणी काय केलंय हे दुसऱ्याला ठाऊक नव्हतं. पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच झाल्या.

आज पाणी कोणी घातलं?

सकाळी एक जण झारी घेऊन जातो, संध्याकाळी दुसरा. वरची माती कोरडी दिसते, म्हणून पुन्हा भरपूर पाणी. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असलेल्या ग्रो बॅगमध्ये, म्हणजे रोपं लावायच्या पिशवीत, वरचा थर चटकन वाळतो, पण खाली ओल टिकून असते. मुळांना हवा मिळत नाही, पानं पिवळी पडतात, मग कोणीतरी 'पाणी कमी पडतंय' म्हणून आणखी घालतं. बोटाची दोन पेरं मातीत खुपसून पाहा. ओल लागली तर झारी खाली ठेवा.

याच्या उलटही होतं. शनिवार-रविवार कोणीच फिरकत नाही आणि सोमवारी तीन जण पाणी घालतात. टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो तो बहुतेक वेळा यामुळेच. कॅल्शियम पाण्यासोबतच फळापर्यंत पोचतं. पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही असं झालं की ते फळाला पुरत नाही. आमच्याकडे लगेच अंड्याची टरफलं कुटून टाकली गेली. ती मातीत इतकी सावकाश विरघळतात की त्या हंगामात उपयोग होत नाही. पाणी रोज सारखं घालायला लागलो, तेव्हा पुढची फळं चांगली आली.

उपाय साधा आहे. गच्चीच्या दाराशी वही टांगा, दोरीला पेन बांधा. तारीख, वेळ, काय केलं आणि कोणी, एवढंच लिहायचं. मोबाइलवरच्या ग्रुपात निरोप शुभेच्छांखाली गाडला जातो. वही मात्र गच्चीवर जाताना दिसतेच.

दुधीला फळ का धरत नाही?

हा प्रश्न दर वर्षी येतो. सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात, त्यामुळे पहिले काही दिवस घाबरू नका. मादी फुलाच्या मागे बोटभर दुधी दिसतो. तो पिवळा पडून गळत असेल, तर परागीभवन होत नाहीये. उंच गच्चीवर मधमाश्या कमी येत असतील, तर हे काम हातानं करावं लागतं.

आमची चूक वेळेची होती. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात, दुधी आणि दोडक्याची संध्याकाळी. आमची पाळी सकाळची, त्यामुळे दुधीचं ताजं फूल कोणाच्या हाती लागतच नव्हतं. शेवटी संध्याकाळी उशिरा पाय मोकळे करायला गच्चीवर येणाऱ्या एका काकूंनी ते काम आपणहून अंगावर घेतलं. नर फूल खुडून, पाकळ्या मागे सारून, परागकण मादी फुलाच्या मध्यावर हलकेच लावायचे. पंधरा दिवसांत वेलाला चार दुधी लटकले. पाळी लावताना माणसाच्या सोयीसोबत पिकाची वेळही पाहा.

दुसऱ्यानं लावलेलं रोप उपटायचं कसं?

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्याजर्द झाल्या की तो हळद्या. विषाणूचा रोग आहे, पांढरी माशी तो पसरवते, आणि रोप पुन्हा बरं होत नाही. पण ते दुसऱ्या कोणी प्रेमानं लावलेलं असतं, त्यामुळे उपटायचा धीर होत नाही. आम्ही तीन आठवडे थांबलो, तेवढ्यात सगळी रांग पिवळी झाली.

आता प्रत्येक पिकाला एक पालक ठरवला आहे. पाणी कोणीही घालावं, पण उपटायचं का, फवारायचं का, हे पालकानं दोन दिवसांत सांगायचं. त्यानं नाही सांगितलं तर पाळीवरचा माणूस ठरवतो. पुन्हा पेरताना परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका यांसारखं हळद्याला तोंड देणारं बियाणं घ्या आणि पिवळे चिकट सापळे पहिल्या आठवड्यातच लावा.

फळमाशीनं डंख मारलेली काकडी खत करायच्या पिंपात टाकू नका. आतल्या अळ्या मोठ्या होऊन तिथूनच माश्या निघतात. पिशवीत घट्ट बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवा.

दोघांची फवारणी, दोघांची पेंड

निंबोळी तेल लिटरभर पाण्याला 5 मिली, थोडं साबणाचं पाणी घालून, ऊन उतरल्यावर. एकानं शनिवारी फवारलं आणि दुसऱ्यानं रविवारी भर दुपारी, तर पानं करपतात. पेंडीचंही तेच: चौघांनी मूठमूठ घातली की पानं हिरवीगार, लुसलुशीत होतात आणि त्यावर मावा ही रस शोषणारी कीड चढते. दोन्ही गोष्टी वहीत पाहिल्याशिवाय करायच्या नाहीत.

तोडायला संकोच

भेंडी पेरल्यापासून साधारण 45 ते 50 दिवसांनी तोडणीला येते, आणि मग एक दिवसाआड तोडावीच लागते. 'आपली पाळी नाही' म्हणून चार दिवस राहिली की ती जून होते आणि झाड नव्या फुलांऐवजी बियांवर जोर लावतं. गवारीचंही तसंच. आमचा नियम असा: ज्याची पाळी, त्यानं तोडायचंच. निम्मं घरी न्यायचं, निम्मं जिन्याजवळच्या टोपलीत ठेवायचं.

परीक्षा संपल्या की घरं गावाला जायला लागतात. निघण्याआधी पालकानं आपलं पीक कोणाकडे दिलंय ते वहीत लिहावं, बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन करावं आणि 50 टक्के सावलीची हिरवी जाळी बांधून जावं. जाळी बांधायला दोन माणसं लागतात, त्यामुळे हे काम सगळे निघायच्या आधीच्या रविवारी उरका.