मुद्रणयंत्र एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे देता-घेताना या चुका टाळा

जडवस्तू नोंदवहीत (कार्यालयातल्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) ‘ऑफसेट यंत्र, १ नग’ एवढेच लिहिलेले असते आणि हस्तांतरणातल्या बहुतेक चुका त्या एका ओळीवर विसंबल्याने होतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे यंत्र चालताना न पाहता पोचपावतीवर सही करणे. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाकडे जादा ठरलेले दुरंगी ऑफसेट यंत्र आम्ही घेतले. यादीत ‘सुस्थितीत’ असा शेरा होता, वीजजोडणी आधीच तोडलेली होती आणि ट्रक दारात उभा होता, म्हणून मी सही केली. यंत्र आमच्याकडे बसवल्यावर छपाईत आडवे पट्टे उमटू लागले. आधीच्या कार्यालयाने यंत्र बंद करताना शाईचे रोलर एकमेकांपासून सोडवलेलेच नव्हते. महिनोन्महिने एकाच जागी दाब राहिल्याने रबर चपटे झाले होते आणि त्यावर शाईही वाळली होती. रोलरांवर नवे रबर चढवण्याच्या खर्चाला मंजुरी मिळेपर्यंत पावसाळा सरला आणि तोवर सगळे कार्यालयीन नमुने (फॉर्म) बाहेरून छापून घ्यावे लागले.

तेव्हापासून मी यंत्र मूळ जागीच, तीन फेजची वीज जोडून, शंभरेक ताव छापून पाहतो आणि शेवटचा ताव दोन्ही बाजूंच्या सह्यांसह हस्तांतरणाच्या कागदांना जोडतो. पुण्यात शासकीय फोटोझिंको किंवा येरवडा कारागृह मुद्रणालयात उमेदीची वर्षे काढलेले यंत्रचालक आहेत. अशा एखाद्या जाणत्याला सोबत न्यावे. भांडारात नव्याने आलेल्यांना यात एक दिवस फुकट गेल्यासारखे वाटते. ही घाई मला मुळीच मान्य नाही.

कटिंग यंत्राचे पाते काढून लाकडी खोक्यात स्वतंत्र न्यावे. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे टाइप, पेट्या मोजून घेऊ नयेत, वजन करून घ्यावेत. पाने (स्पॅनर), सुटे भाग आणि माहितीपुस्तिका यांची वेगळी यादी करावी, कारण नेमके तेच मागे राहते. जून ते सप्टेंबर या काळात यंत्र हलवणे मी टाळतो. नाइलाजच झाला तर सिलिंडरांना ग्रीस लावून ताडपत्री घट्ट बांधतो. यंत्र वरच्या मजल्यावर न्यायचे असल्यास जमिनीला भार पेलेल का, हे सार्वजनिक बांधकाम विभागाकडून लेखी घ्यावे.

नोंदींचा क्रमही चुकवू नये. घेणाऱ्याच्या नोंदवहीतील पान व अनुक्रमांक लेखी हाती आल्यावरच देणाऱ्याने आपल्याकडील नोंद कमी करावी. नाहीतर लेखापरीक्षणात तेच यंत्र दोन्हीकडे दिसते किंवा कोठेच दिसत नाही.