सांबा टाकला, आता त्यात कुठं काय आहे ते बघूया

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये जुन्या पीसीवर उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकून सांबा लावून दिला, म्हणजे लिनक्सवरचं फोल्डर नेटवर्कवरून विंडोजवाल्या पीसींना वापरू देणारा प्रोग्राम. गरज एवढीच की ड्रॉइंगचं फोल्डर एकाच जागी पाहिजे, कारण पेनड्राइव्हवरून जुनं ड्रॉइंग मशीनवर गेलं की अख्खी बॅच रिजेक्ट होते. इन्स्टॉल करायला एक कमांड पुरते, घोळ पुढं होतो. सांबा टाकला म्हणून स्क्रीनवर कुठली खिडकी उघडत नाही, मेनू नाही, सगळा कारभार टेक्स्ट फाइल आणि कमांडवर, त्यामुळं नवीन माणूस हुडकत बसतो की आता हात कुठं घालायचा. (कमांड इथं बोलतो तशा लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं.)

पहिल्यांदा 'एसएमबीडी -बी' मारा. लांबलचक यादी येते, त्यात पाथ्सचा भाग तेवढा बघायचा. कॉन्फिग फाइल कुठं, लॉग कुठं, पासवर्डचं प्रायव्हेट फोल्डर कुठं, सगळं तिथं लिहिलेलं असतं. प्रत्येक लिनक्सवर जागा थोड्या वेगळ्या असतात, म्हणून कुठलं तरी ट्यूटोरियल बघून फाइल हुडकण्यापेक्षा सांबालाच विचारलेलं बरं.

सांबाचे मागं गुपचूप चालणारे प्रोग्राम तीन. एसएमबीडी खरं काम करतो, फाइली देणं-घेणं. एनएमबीडी जुन्या पद्धतीनं नेटवर्कवर पीसीचं नाव सांगत फिरतो. विनबाइंड डोमेन (सगळ्या पीसींचे युजर एकाच सर्व्हरवरून सांभाळायची सोय) असेल तरच लागतो, छोट्या ऑफिसात विसरा.

मुख्य फाइल एसएमबी डॉट कॉन्फ, उबंटूवर ती ईटीसीमधल्या सांबा फोल्डरात असते. चौकटी कंसातल्या नावांनी तिचे भाग पडतात, ग्लोबल म्हणजे सगळ्यांना लागू, बाकी एकेक शेअर, म्हणजे नेटवर्कवर वाटलेलं एकेक फोल्डर. लाइनच्या सुरुवातीला हॅश किंवा अर्धविराम असेल तर ती लाइन बंद. काही बदललं की आधी 'टेस्टपार्म' चालवायचा, कारण स्पेलिंग चुकलं तर सांबा ती लाइन सोडून देतो आणि तसाच सुरू राहतो, तुम्ही बसता डोकं धरून. मग 'एसएमबीकंट्रोल ऑल रीलोड-कॉन्फिग', रीस्टार्टची गरज नाही, कुणाची उघडी फाइल तुटत नाही.

आता ज्याच्यात सगळे अडकतात ते. सांबाच्या फोल्डराला दोन कुलपं असतात. एक सांबाचं, रीड ओन्ली आणि व्हॅलिड युजर्सवालं, आणि दुसरं लिनक्सच्या परमिशनचं, आणि दोन्ही उघडली तरच फाइल सेव्ह होते. त्यात शेअर डीफॉल्टनं रीड ओन्लीच असतो, 'रीड ओन्ली = नो' स्वतः लिहावं लागतं. ते लिहूनही सेव्ह होईना म्हणून लोक सरळ फोल्डराला सातशे सत्त्याहत्तर (म्हणजे कुणीही काहीही करा अशी परमिशन) देऊन मोकळे होतात, ते करू नका भावांनो, एक ग्रुप करा, फोल्डर त्या ग्रुपच्या नावावर करून ग्रुपला लिहायची परमिशन द्या, माणसं ग्रुपात घाला, शेअरमध्ये 'फोर्स ग्रुप' लिहा. पासवर्डचंही तसंच, लिनक्सचा पासवर्ड सांबाला चालत नाही, आधी लिनक्सवर युजर करायचा आणि मग 'एसएमबीपासडब्ल्यूडी -ए' करून त्याला सांबाचा वेगळा पासवर्ड द्यायचा. कोण कोण घातलंय ते 'पीडीबीएडिट -एल' दाखवतो (इथला एल तेवढा मोठा, कॅपिटल).

माझी सगळ्यात आवडती कमांड 'एसएमबीस्टेटस'. एका दुपारी मालकांचा फोन आला, ड्रॉइंग उघडतंय पण सेव्ह होत नाही, सर्व्हर बिघडला का बघ. कमांड मारली तर वरच्या भागात कुठल्या पीसीवरून कोण आलंय ते, आणि खाली लॉक्ड फाइल्समध्ये तीच फाइल, बाजूला युजर आणि सकाळची वेळ. डिझाइनवाला फाइल उघडी टाकून जेवायला गेला होता. दोन मिनिटांत विषय संपला.

जुन्या सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला) जोडलेला विंडोज एक्सपीचा पीसी मात्र आत येईना. कारण २०१९ च्या ४.११ व्हर्जनपासून सांबानं जुना एसएमबी वन, म्हणजे एक्सपी फाइली देण्याघेण्यासाठी जी जुनी भाषा बोलतो ती, डीफॉल्टनं बंद केलाय. एक लाइन लिहून तो चालू करता येतो, पण २०१७ ला फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस विंडोजमधल्या ह्याच एसएमबी वनच्या दारातून पसरला, तेव्हा मी केला नाही, त्या एका मशीनपुरता पेनड्राइव्ह ठेवला. आणि राउटरवर ४४५ पोर्ट, म्हणजे सांबाचं नेटवर्कवरचं दार, बाहेरच्या इंटरनेटला कधीही उघडू नका.

ड्रॉइंग चुकून डिलीट होणार हे धरून चाला, शेअरमध्ये 'व्हीएफएस ऑब्जेक्ट्स = रिसायकल' लिहिलं की डिलीट झालेली फाइल एका लपलेल्या फोल्डरात जाऊन बसते. विंडोजचा रिसायकल बिन नेटवर्कवरच्या फाइलीला कामाचा नाही.

बॅकअपला तीन गोष्टी, शेअरचा डेटा, एसएमबी डॉट कॉन्फ आणि प्रायव्हेट फोल्डरातली पासडीबी डॉट टीडीबी, म्हणजे सांबाच्या युजर-पासवर्डची फाइल. ही शेवटची चालू सर्व्हरवर नुसती कॉपी करू नका, 'टीडीबीबॅकअप' वापरा. २०१९ आणि २०२१ चं पंचगंगेचं पाणी आपण बघितलंय, तेव्हा ती कॉपी त्याच खोलीतल्या कपाटात ठेवू नका, वरच्या मजल्यावर नाहीतर घरी न्या.