लोककथेतून मुलांची स्वतःची चित्रकथा: एक कागद, आठ पानं

नव्या शाळेत डबा खाताना कोणी शेजारी बसत नाही, वाचताना अडखळलं की वर्ग हसतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला 'आज काय झालं?' विचारून या गोष्टी कळत नाहीत. 'काही नाही' म्हणून मूल मोकळं होतं. तेच मूल कावळ्याच्या तोंडून मात्र भरभरून बोलतं. म्हणून मुलाला स्वतःबद्दल लिहायला सांगू नका, लोककथा द्या.

जीन लुएन यांग यांच्या २००६ सालच्या 'अमेरिकन बॉर्न चायनीज' या चित्रकादंबरीत हेच केलेलं आहे. शाळेत परका ठरलेला जिन वांग आणि चिनी पुराणकथेतला वानरराजा यांच्या गोष्टी आधी वेगवेगळ्या चालतात आणि शेवटी एकमेकींत मिसळतात. आपल्याला एवढा मोठा पसारा नको. ए४ आकाराचा एक कोरा कागद, पेन्सिल, खोडरबर, काळं पेन आणि कात्री पुरे.

१. कथा निवडा, पण बाजू मुलाला निवडू द्या

चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. शेणाचं घर पावसात वाहून गेलं, कावळा भिजत दाराशी आला, आणि आतून उत्तर येत राहिलं: थांब, बाळाला अंघोळ घालू दे, थांब, बाळाला तीट लावू दे. आपण ती हसत हसत सांगतो, पण दाराबाहेर ताटकळणं म्हणजे काय हे नव्याने वर्गात आलेल्या मुलाला कोणी समजवावं लागत नाही. दांडगाईला घाबरणाऱ्या मुलासाठी भोपळ्यात बसून जंगल पार करणारी म्हातारी बरी: अंगात ताकद नाही, पण बोलून वेळ मारून नेते.

कथा ठरली की एकच प्रश्न विचारा: 'तू यात कोण होशील?' उत्तर चिमणी आलं तरी चालेल. दार बंद ठेवणाऱ्यालाही कसली तरी भीती असू शकते, आणि ती गोष्ट जास्त रंगते. 'म्हणजे तुझ्या वर्गातला तो मुलगा का?' असं मात्र चुकूनही विचारू नका. मूल तिथेच मिटतं.

२. कागदाचं पुस्तक करा

कागदाच्या आखूड कडा जुळवून घडी घाला, मग तशाच आखूड कडा जुळवत आणखी दोनदा अर्धा करा. उघडल्यावर आठ चौकोन दिसतील. पुन्हा आखूड कडा जुळवून एकच घडी घाला आणि घडीच्या बाजूने, मधल्या रेषेवरून, पुढच्या आडव्या येणाऱ्या घडीपर्यंत कापा. कागद उघडा, लांब कडा जुळवून दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला. मधली चीर फाकते आणि चार पाती उभी राहतात. ती एकावर एक दुमडली की सुमारे ७४ × १०५ मिलिमीटरची पुस्तिका तयार. डिंक नको, स्टेपलर नको.

पानांवर आकडे आत्ताच, पुस्तिका बंद असताना घाला. कागद उघडला की चार पानं उलटी दिसतात आणि मोठ्यांचाही गोंधळ उडतो.

३. पान उलटण्याचा फायदा घ्या

पहिलं पान मुखपृष्ठ, आठवं मागचं. तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या पानानंतर वाचक पान उलटतो, तेव्हा प्रश्न तिथे ठेवा. कावळा तिसऱ्यावर दार ठोठावतो. आतून काय आवाज आला ते चौथ्यावर. दार उघडतं की नाही, हे लोककथेप्रमाणेच व्हायला हवं असं नाही.

४. आधी अक्षरं, मग फुगा

मुलं आधी फुगा, म्हणजे पात्राचं बोलणं लिहायचा गोल, काढतात आणि मग शब्द त्यात कोंबतात. उलट करा. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळे ओळींत मोकळी जागा हवी. एवढ्याशा पानावर दहा-बारा शब्दांपलीकडे जाऊ नये. बाकीचं चित्र सांगेल.

फुग्याचा आकारही बोलू शकतो. डॉ. आंबेडकरांच्या बालपणी पाण्यासाठी सोसाव्या लागलेल्या अपमानापासून सुरू होणाऱ्या 'भीमायन' (२०११) या पुस्तकात दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी चित्रकारांनी मवाळ बोलणाऱ्यांचे फुगे पक्ष्यांच्या आकाराचे काढले आहेत, तर जातीचा विखार बोलणाऱ्यांच्या फुग्यांना विंचवाची नांगी दिली आहे. शिवाय चित्रांना काटकोनी चौकटीत कोंडलेलं नाही. घराच्या भिंती-जमिनीवर काढतात त्या पारंपरिक दिग्ना नक्षीच्या वळणांनी पानं विभागली आहेत. मुलाला हे दाखवा आणि विचारा, 'चिमणीचं "थांब" कसल्या फुग्यात बसेल?' चेहरे काढता न येणारी मुलंही इथे खुलतात.

५. शाई आणि झेरॉक्स

शुद्धलेखन पेन्सिल असतानाच तपासा. शाई झाल्यावर चूक दिसली तर राहू द्या. कडेपासून ५ मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर झेरॉक्समध्ये कडेची अक्षरं जातात. प्रती कोणाला द्यायच्या हे मूल ठरवील. आजीच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकण्याआधीही त्यालाच विचारा.