नीटला १२८ गुण पडले, तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर

२०२२ साली नीटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत, मला ७२० पैकी १२८ गुण पडले आणि आमच्या घरी पेढे वाटले गेले. निकालाच्या कागदावर 'पात्र' असं लिहून आलं होतं. त्या वर्षी पात्रतेसाठी खुल्या गटाला ११७ आणि ओबीसींना ९३ गुण पुरत होते, मी ओबीसी. चोपडा तालुक्यातलं आमचं गाव, घरात याआधी कुणी सायन्सला गेलेलं नाही. नानांनी सगळ्या भाऊबंदांना फोन करून कळवलं, पोरगी डॉक्टरकीला लागली म्हणून.

पात्र होणं म्हणजे फक्त रांगेत उभं राहायची परवानगी, हे आम्हाला कळलं ते प्रवेशफेऱ्यांच्या याद्या लागल्यावर. पात्रता पर्सेंटाइलवर ठरते, म्हणजे शंभरातली किती मुलं आपल्या मागे आहेत त्यावर: खुल्या गटाला ५०, राखीव गटांना ४०. म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं पात्र ठरतात. जागा मात्र गुणवत्ता क्रमांकावर मिळते. त्या दिवशी आई ओट्यावर बसून एवढंच म्हणाली, "काय व्हयनं, माले समजी असं सांग ना." तिला समजेल असं सांगता यावं म्हणून मी पहिल्यांदा हा सगळा प्रकार नीट वाचून काढला.

बारावीचं आधी सांगते, कारण त्यावरून फार घाबरवतात. माझे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ५४ टक्के होते. "एवढ्यावर मेडिकल विसर," असं दोन नातेवाइकांनी तोंडावर सांगितलं. नियम असा आहे की या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ५० आणि राखीव गटांना ४० टक्के लागतात, इंग्रजीत पास व्हावं लागतं. पुढे राज्याची गुणवत्ता यादी नीटवरच लागते. त्याहूनही कमी असतील तर बोर्डाची परीक्षा पुन्हा देऊन गुण सुधारता येतात. वयाची वरची अट आता नाही, किती वेळा बसावं यालाही मर्यादा नाही.

पात्र झाल्याचा निकाल लागला की आठवड्याभरात एजंटांचे फोन सुरू होतात. त्यांच्याकडे आपला नंबर कुठून जातो कोण जाणे. आमच्याकडे दोघे जण घरी येऊन गेले. परदेशात प्रवेश पक्का, फक्त आगाऊ रक्कम भरा. नाना दोन एकर विकायला तयार झाले होते. मी विरोध केला तो हुशारीने नव्हे, भीतीने. पण नंतर वाचलं तेव्हा भीती बरोबर होती असं दिसलं. २०२१ च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, तिथेच इंटर्नशिप हवी, आणि परत आल्यावर ३०० गुणांच्या परीक्षेत १५० मिळवल्याशिवाय इथे नोंदणी होत नाही. यातला एकही मुद्दा त्या दोघांनी काढला नव्हता. परदेशी जाऊ नका असं मी म्हणत नाही. या चार गोष्टी लेखी दाखवा म्हणा, आणि दाखवेपर्यंत एक रुपया देऊ नका.

आता खरं काम. नीट घेणारी संस्था एनटीए उत्तरपत्रिकेची, म्हणजे ओएमआरची प्रत आणि उत्तरसूची देते. कमी गुण पडलेली मुलं ती उघडतच नाहीत. मीही महिनाभर उघडली नाही. उघडली तेव्हा दिसलं: १७२ प्रश्न सोडवलेले, ६० बरोबर, ११२ चूक. बरोबरला चार-चार असे २४० मिळाले आणि चुकीला एकेक असे ११२ कापले गेले. मग चुकलेला एकेक प्रश्न वहीत लिहून पुढे कारण लिहिलं. धडा वाचलाच नव्हता, वाचला पण आठवला नाही, गणित चुकलं, प्रश्नच समजला नाही. हे शेवटचं कारण बायोलॉजीत सगळ्यात जास्त वेळा आलं, आणि मी थबकले. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला एकदम इंग्रजी. तंतुकणिका मला पाठ होती, मायटोकॉन्ड्रिया आला की मनात आधी भाषांतर सुरू व्हायचं. मी मठ्ठ नव्हते, माझा वेळ भाषांतरात जात होता. खानदेशातल्या खेड्यांतून येणाऱ्या निम्म्या मुलांचं दुखणं हेच आहे असं माझं मत आहे, आणि क्लासमध्ये त्यावर कुणी बोलत नाही. पेपर मराठीतूनही देता येतो. पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरतात, म्हणून मी इंग्रजीच पक्कं करायचं ठरवलं. दुकानाच्या उधारीच्या वहीसारखी एक लांब वही केली, डाव्या बाजूला मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राच्या पाठ्यपुस्तकातली, बायोलॉजी, रोज चार पानं, मोठ्याने वाचून. ७२० पैकी ३६० गुण बायोलॉजीचे असतात. कमकुवत विद्यार्थ्याने पहिले चार महिने तिथेच घालवावेत.

क्लाससाठी लातूरला किंवा कोट्याला गेले नाही, पैसे नव्हते. जळगावला खोली घेऊन अभ्यासिका लावली. २०२३ ला ३३१ झाले: ९२ बरोबर, ३७ चूक. तिसऱ्यांदा बसावं का, यावर घरात पंधरा दिवस अबोला होता. माझी कसोटी साधी होती. चुकांच्या वहीत 'वाचलंच नव्हतं' अजून भरपूर असेल तर बसावं. सगळं वाचून, सराव करूनही आकडा हलत नसेल तर दुसरी वाट धरावी. माझं अर्धं फिजिक्स वाचायचंच राहिलं होतं. बसले.

२०२४ ला ४६८ आले आणि मी आनंदाने रडले. मग क्रमांक पाहिला. त्या वर्षी सगळ्यांचेच गुण फुगले होते. पहिल्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी होते, सुधारित निकालात ते १७ झाले, आणि खुल्या गटाची पात्रताच १६२ वर गेली. आदल्या वर्षीच्या कटऑफशी स्वतःचे गुण जुळवून स्वप्नं बघू नका. क्रमांक क्रमांकाशीच ताडून बघा.

कागदपत्रांबद्दल जीव तोडून सांगते. अभ्यासिकेत धडगावकडची एक मैत्रीण होती, अनुसूचित जमातीची, तिच्या गटात तिचा क्रमांक उत्तम होता. जात प्रमाणपत्र होतं, जात वैधता प्रमाणपत्र हातात नव्हतं. ते वर्ष तिचं त्या एका कागदापायी गेलं. सायन्सला असाल तर अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत वैधतेचा अर्ज करा. ओबीसींनी चालू मुदतीचं नॉन-क्रिमीलेयर काढून ठेवा. डोमिसाइलवरचं आणि दहावीच्या सनदेवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. माझ्या नावात एका वेलांटीसाठी नाना तीनदा तहसीलला गेले.

राज्याच्या ८५ टक्के जागा राज्याचा प्रवेश विभाग, म्हणजे सीईटी सेल भरतो, सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के देशपातळीवरून भरतात. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल आहे, पण पसंतीच्या यादीत घराजवळचं म्हणून वर लिहू नका, हवं ते वर लिहा. आणि मिळालेली जागा पक्की करताना 'स्टेटस रिटेन्शन'चा फॉर्म समजून भरा; तो भरला की पुढच्या फेऱ्यांत तुमचा विचार होत नाही.

एमबीबीएस मला मिळालं नाही. बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी, मिळालं, साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. पहिले काही महिने मी कॉलेजचं नाव विचारल्याशिवाय सांगत नसे. शरीररचनेच्या वर्गात पहिल्यांदा देह समोर आला, हाताला हात लावून हाडं मोजली, त्या दिवसापासून ते लपवणं संपलं.

मामाच्या मुलीला यंदा १९६ आलेत. मामा एजंटला भेटून आलाय. मी तिला म्हटलं, अजून काही भरू नका, रविवारी ओएमआरची प्रत आणि एक कोरी वही घेऊन इकडे ये.