गणपतीच्या दिवसांत घरातील दिवा, चूल आणि वीज कशी सांभाळावी

मुंबई अग्निशमन दलात ३१ वर्षे काढून मी सिंधुदुर्गातल्या आमच्या गावी परतलो, तेव्हा घरच्या गणपतीजवळ सलग अकरा दिवस बसण्याचा योग मला पहिल्यांदा आला. नोकरीत असताना भाद्रपद लागला की रजा बंद होत. सारे चाकरमानी कोकणात उतरत आणि आम्ही विसर्जनाच्या बंदोबस्तासाठी चौपाटीवर उभे असू. परतल्यावरच्या त्या पहिल्याच वर्षी, पाचव्या दिवशी संध्याकाळची आरती आटोपल्यावर, माटवीतून, म्हणजे मूर्तीच्या डोक्यावर टांगलेल्या लाकडी चौकटीतून, खाली लोंबणारा आंब्याचा सुकलेला टाळ (पानांची डहाळी) समईच्या ज्योतीवर आला आणि माझ्या डोळ्यांदेखत पेटला. ओल्या पंचाने मी तो ओढून दाबला, त्यामुळे चार पाने जळण्यापलीकडे काही झाले नाही. पण जन्मभर दुसऱ्यांच्या घरच्या आगी विझवणाऱ्या माणसाच्या हातून स्वतःच्या देवासमोर अशी हयगय व्हावी, याची लाज मला अजून वाटते. पुढे लिहिले आहे ते त्या संध्याकाळपासून आमच्या घरात पाळले जाते.

सुरुवात माटवीपासूनच करावी. चतुर्थीला बांधतो तेव्हा तिच्यातले टाळ, कवंडळाची फळे, तिरड्याची फुले, सुपाऱ्यांचे घोस सारे हिरवेगार आणि ओले असते, म्हणून तिच्याकडे कोणी आगीच्या नजरेने पाहत नाही. दीड दिवसाच्या गणपतीला ही काळजी फारशी पडत नाही. पाच, सात किंवा अकरा दिवस मूर्ती राहणार असेल, तर मात्र तिसऱ्या दिवसापासून पाने कुरकुरीत होऊ लागतात आणि देठ सैल होऊन टाळ हळूहळू खाली उतरतो. समई माटवीच्या थेट खाली न ठेवता तिच्या चौकटीच्या बाहेर, मूर्तीच्या पुढे, डाव्या-उजव्या अंगाला ठेवावी, आणि ज्योतीच्या वर किमान हातभर अंतरात पान, पडदा किंवा कागदाची झालर येऊ देऊ नये. रोज सकाळी पूजेआधी वाळलेला टाळ काढून ताजा बांधावा. मखराला कापडी पडदे लावायचेच असतील, तर ते मागच्या बाजूला घट्ट ताणून बांधावेत. पुढे सोडलेला पडदा पंख्याच्या एका झोताने ज्योतीवर येतो.

समई काठोकाठ भरू नये. तेल वातीच्या टोकाशी आले की पाचही वाती एकत्र पेटून समई भडकते आणि गरम तेल खाली सांडते. म्हणून ती पितळेच्या परातीत, परातीत दोन बोटे पाणी घालून ठेवावी. रात्रभर दिवा ठेवण्याचा नेम असेल, तर त्यावर काच हवीच, आणि त्याचे कारण वारा एवढेच नाही. तुपात भिजलेली फुलवात उंदराला आवडते. तो पेटती वात तोंडात धरून माळ्यावर चढतो आणि आमच्याकडे माळ्यावर पेंढा किंवा जळण रचलेले असते. बाप्पाच्या वाहनाला दोष देणे जिवावर येते, पण काचेवाचून रात्रीचा दिवा ठेवू नये, हे मी सुनांना आणि मुलांना दरवर्षी नव्याने सांगतो.

घरात पाहुणे वीस-पंचवीस असतात आणि माजघरात कापसाच्या गाद्यांची चळत मखरालगतच रचली जाते. ती दुसऱ्या खोलीत हलवावी. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजावरच्या कापसाच्या गासड्यांना आग लागली आणि त्याच जहाजात भरलेल्या स्फोटकांचे दोन प्रचंड स्फोट होऊन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. कापूस वरून विझलेला दिसला तरी आत धुमसतो, हे घरच्या गादीलाही लागू आहे. गादीवर ठिणगी पडली, तर पेल्याभर पाणी ओतून समाधान मानू नये. ती खळ्यात, म्हणजे अंगणात, नेऊन, उसवून, आतला कापूस पिंजून चिंब भिजवावा.

स्वयंपाकघरात खरा धोका वड्यांच्या तेलाचा. आरतीची घंटा झाली की कढईपुढची बाई हात पुसत माजघरात येते आणि मागे तेल तापत राहते. आमच्या घरात नियम असा आहे की आरतीला निघताना आधी आच बंद करायची, मग वाजवायचे टाळ हातात घ्यायचे. तेल पेटलेच, तर गॅस बंद करून कढईपेक्षा मोठे झाकण किंवा परात बाजूने सरकवत वर ठेवावी आणि कढई पूर्ण गार होईपर्यंत उचलून पाहू नये. पेटती कढई बाहेर नेऊ नये. पाणी तर मुळीच घालू नये. एक लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ होते, आणि ती वाफ पेटते तेल छपरापर्यंत उडवते.

१४.२ किलोचा जादा सिलिंडर शेगडीशेजारी न ठेवता उभाच, हवेशीर जागी ठेवावा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. म्हणून वास आला तर दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा, देवापुढचा दिवा शांत करावा आणि विजेचे बटण चालू किंवा बंद असे काहीच करू नये. बाहेर आल्यावर १९०६ या क्रमांकावर कळवावे. नळीची तपासणी साबणाच्या फेसाने करावी, काडी पेटवून नव्हे.

विजेबद्दल थोडक्यात सांगतो. पावसात भिंती ओलावलेल्या असतात, त्यामुळे रोषणाईच्या माळा खिळ्यांना गुंडाळू नयेत, एका प्लगवर चार माळा जोडू नयेत आणि निजताना त्या बंद कराव्यात. वीज गेली तर मेणबत्तीऐवजी बॅटरी वापरावी.

आता, आग लागलीच तर काय करावे? आमच्या गावात नगरपरिषदेचा बंब घाटीच्या रस्त्याने येईपर्यंत पाऊण तास जातो, म्हणजे पहिली दहा मिनिटे घरच्यांचीच असतात. प्रथम माणसे बाहेर काढावीत, मुलांना आणि म्हाताऱ्यांना आधी. मूर्तीसाठी कोणी मागे फिरू नये. माझ्या आईला हे पटवायला दोन वर्षे लागली. मग मेन स्विच पाडावा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा. इथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: मेन पाडला की विहिरीवरचा पंपही बंद होतो. त्यासाठी पागोळ्यांखाली दोन पिंपे लावून ती कायम भरलेली आणि शेजारी बादल्या ठेवाव्यात. पावडरचे अग्निशामक नळकांडे घेतले असेल, तर पिन काढून, तोटी ज्वाळेच्या शेंड्याऐवजी बुडाशी धरून, दांडा दाबत डावी-उजवीकडे फिरवावी. धुरात सापडल्यास ओणवे होऊन रांगत बाहेर पडावे. साडीने पेट घेतला, तर पळू न देता बाईला जमिनीवर आडवे करून घोंगडीत लपेटावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते साधे पाणी सोडावे, सूज येण्याआधी बांगड्या व अंगठ्या काढाव्यात. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नये.

विसर्जनाच्या संध्याकाळी सगळे घर नदीवर जाते आणि मागे मखरात समई तेवत असते. एक माणूस घरी ठेवावा. ते काम मी स्वतःकडे घेतले आहे. गणपती दारातून बाहेर पडताना त्याला गाऱ्हाणे घालतो आणि पडवीतूनच हात जोडतो. मंडळी परत येतात, रिकाम्या पाटावर नदीची माती ठेवून आरती करतात, आणि अकरा दिवसांचे जागरण अंगावर येऊन जिथे जागा मिळेल तिथे आडवी होतात. त्या मातीपुढचा दिवा फुंकायचा नसतो. माझा नातू आता नऊ वर्षांचा झाला; गेल्या वर्षी तोही माझ्याजवळ येऊन बसला आणि तेल संपून ज्योत निळी होईपर्यंत जागा राहिला. वातीचा धूर थांबल्यावर परातीतले पाणी त्यानेच तुळशीत ओतले.