पाणी आणि करंट: पोरांना कसं शिकवायचं

नुसतं "हात लावू नको" म्हणून पोरं ऐकत नाहीत, कारण सांगा. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून करंट जातो, आणि ओल्या अंगातून तर कोरड्यापेक्षा कितीतरी सहज, आपल्या घरात २३० व्होल्ट असतात बाळा, हे असं सरळ बोला.

मग बाथरूममध्ये नेऊन पाणी तापवायची रॉड दाखवा, माझ्या मते घरातली सगळ्यात डेंजर वस्तू हीच. पाणी तापलं का हे बोट बुडवून बघायचं नाही, आधी बटण बंद, मग प्लग काढायचा, मगच बादलीला हात, आणि हे मोठ्यांनीच करायचं, पोरांनी फक्त हाक मारायची. तुम्ही स्वतः रोज तसंच करा, पोरं बघून शिकतात.

पावसाळ्यात विजेचा खांब, त्याला आधाराला बांधलेली ताणाची तार, डीपी म्हणजे रस्त्याकडेची विजेची पेटी, यांच्यापासून लांब, तुटलेली तार दिसली की तिथल्या साचलेल्या पाण्यात पाय नाही, मोठ्यांना सांगायचं, महावितरणचा नंबर १९१२ पाठच करून घ्या.

कुणाला शॉक लागलेला दिसला तर धरायला धावायचं नाही, अगदी आई असली तरी. ओरडून मोठ्यांना बोलवायचं. मेन स्विच कुठंय ते मोठ्या पोरांना आजच दाखवा, आणि घरात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवून बसवूनच घ्या.