कमोडोर ६४चा पॉवर सप्लाय बदलण्याआधीची तयारी

पहिलं काम म्हणजे जुना सप्लाय मशीनपासून काढून बाजूला ठेवणं. ‘अजून चालतोय की’ म्हणून एकदाही लावून बघू नका. १९८२ साली आलेल्या या संगणकाच्या बऱ्याचशा सप्लायमध्ये आतले भाग रेझिन ओतून कायमचे बंद केलेले असतात. उष्णता आतच कोंडते, ५ व्होल्टचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) थकतो आणि मग व्होल्टेज पडण्याऐवजी अनेकदा वर चढतं. मशीनमध्ये ते अडवणारं काहीच नाही, त्यामुळे मेमरी चिपा हकनाक जातात. गार असताना मीटरवर बरोबर ५ दिसले तरी भरवसा धरू नका. घात होतो तो तापल्यावर.

नवा सप्लाय घेताना दोन गोष्टी बघा : ५ व्होल्ट डीसी, निदान १.५ अँपिअर (मी २ अँपिअरचाच घेतो), आणि ९ व्होल्ट एसी, १ अँपिअर. तो ९ व्होल्ट एसीच हवा, इथे डीसी अ‍ॅडॉप्टर चालत नाही. मशीनमधलं घड्याळ याच एसीच्या आवर्तनांवर चालतं, आणि जुन्या बोर्डांवर आवाजाच्या सिड चिपला लागणारे १२ व्होल्टही त्यातूनच तयार होतात.

हाताशी मल्टीमीटर, चांगला उजेड आणि १.५ अँपिअरचा एक जादा काचेचा फ्यूज असू द्या. बोर्डावरचा फ्यूज ९ व्होल्टच्या वाटेवर असतो, तोही आधीच तपासून घ्या. प्रोबच्या टोकांना टेप गुंडाळून फक्त दोनेक मिलिमीटर धातू उघडा ठेवा. सात पिनांच्या त्या गोल प्लगमध्ये प्रोब जरा घसरला तरी दोन पिना जोडल्या जातात, म्हणून हा खटाटोप.

आता प्लग मशीनला न लावता मोजायचं. २ नंबरची पिन ग्राउंड, ५ नंबरवर ५ व्होल्ट, ६ आणि ७च्या मध्ये ९ व्होल्ट एसी. आकडे ओळीने लावलेले नसतात. बहुतेक प्लगांच्या प्लास्टिकवर ते बारीक अक्षरात कोरलेले असतात, भिंग घेऊन वाचा. स्वतः प्लग सोल्डर करणार असाल तर मागच्या बाजूने तीच रचना उलटी दिसते हे विसरू नका. भार नसताना एसी १०च्या वर दिसला तर घाबरायचं कारण नाही. ५ व्होल्टची ओळ मात्र ५.२५च्या पुढे गेली तर तो सप्लाय परत करा.

पहिल्यांदा लावताना कार्ट्रिज, डिस्क ड्राइव्ह, टेप सगळं काढलेलं असावं आणि मशीनचं बटण बंद. चालू केल्यावर निळ्या पडद्यावर ३८९११ बाइट मोकळ्या असल्याची ओळ आली, की अर्धा तास तसंच चालू ठेवून युजर पोर्टवर (मशीनच्या मागच्या बाजूची जोडणीची जागा) ५ व्होल्ट पुन्हा मोजा.